तारीख चुकीची आहे

सोमवार, ३ मार्च

मावशीला काल फोनवर सांगितलं की मी सध्या एक लायब्ररी नव्याने लिहितेय, तर ती म्हणाली, "अगं, मग जुनी पुस्तकं कुठे ठेवली?" खूप हसले. पण आपण दिवसभर काय करतो ते सख्ख्या मावशीला सांगता येऊ नये म्हणजे कमाल आहे. निदान इथे तरी नीट लिहून ठेवते.

हॉस्पिटलचा प्रोग्राम रुग्णाची माहिती घेतो. जन्मतारीख, वजन, औषध, युनिट. ती आमच्या लायब्ररीकडे देतो. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. ती हिशोब करून डोस सांगते. माहितीत गडबड असेल तर डोस न देता एरर फेकते. जुनी लायब्ररी चौतीस वर्षं चाललीय आणि ज्या मशीनवर चालते ते दुरुस्त करणारी माणसंही आता उरली नाहीत. म्हणून तीच लायब्ररी नव्या भाषेत पुन्हा लिहायची. हे काम माझं.

डोस जुळायला सहा आठवडे लागले, पण जुळले. साडेतीन लाख जुन्या नोंदी, सगळे आकडे दशांशापर्यंत तेच. वाटलं, सुटले. मग आमच्या टेस्टरने, म्हणजे शंकासुराने (खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत नसेल), मुद्दाम बिघडवलेली माहिती टाकायला सुरुवात केली. रिकामं वजन, पुढच्या वर्षीची जन्मतारीख, ग्रॅमच्या जागी किलो. दोन्ही लायब्रऱ्या ओरडतात, पण वेगवेगळं ओरडतात. एकशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणी.

मॅनेजरना आम्ही घड्याळसाहेब म्हणतो, कारण ते बोलताना समोरच्याकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघतात. ते म्हणाले, "जुनी जिथे रडते तिथे नवी रडलीच पाहिजे, आणि त्याच सुरात. हॉस्पिटलच्या प्रोग्रामला आत काही बदललंय याचा वाससुद्धा येता कामा नये." मग आवाज खाली आणून, "तुला काय, घरचंच काम आहे. बाबांना विचार."

जुन्या कोडच्या पहिल्याच ओळीत बाबांचं नाव आहे. हे काम मला मिळालं तेही बहुधा आडनावावरच. म्हणूनच त्यांना विचारायचं नाही, असं ठरवलंय.

मंगळवार, ४ मार्च

विचारलं.

दिवसभर डोकं आपटलं. वजन शून्य असेल तर जुनी म्हणते 'वजन अमान्य', आणि उणे असेल तर म्हणते 'आकडा मर्यादेबाहेर'. दोन्ही चूकच, मग दोन वेगळ्या एरर कशाला? संध्याकाळी फोन लावला. बाबांचं नेहमीचं. हां, बोल. बरं. मी विचारल्यावर मात्र, "थांब, कागद बघून सांगतो." कसले कागद? निवृत्त झाले तेव्हा सगळं रद्दीत घातलं असं तेच सांगत होते.

पंचवीस मिनिटांनी त्यांचा फोन. "शून्य म्हणजे वजन न करताच कुणीतरी रकाना भरलाय. काट्यावर कुणी उभंच राहिलं नाही. उणे म्हणजे नुसतं बोट घसरलंय. पहिल्याला उठून काटा आणावा लागतो, दुसऱ्याला फक्त आकडा सुधारायचा असतो. दोघांना एकच कसं सांगणार?"

मी ऐकतच राहिले. घरात कोण रुसलंय हे ज्यांना तिसऱ्या दिवशी कळतं, त्या बाबांनी असा विचार केला होता? मागे आई काहीतरी बोलत होती. टीव्हीशी बोलत असेल.

गुरुवार, ६ मार्च

आज चार फोन. दर वेळी 'थांब', आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी अचूक उत्तर.

एकाच चिठ्ठीत औषधाचं नाव आणि युनिट दोन्ही चुकलं असेल तर जुनी आधी युनिटची एरर देते. का? "कारण चुकलेलं नाव माणसाच्या डोळ्याला दिसतं. युनिट दिसत नाही." किती सरळ! मी उगाच तीन तास त्यात तर्कशास्त्र शोधत बसले होते.

एकशे अठ्ठ्याऐंशींपैकी एकशे एकतीस उरले. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालंय. जागेवर बसवत नाही. शंकासुर म्हणतो, "तू चालत चालत कोड लिहितेस का?"

बाबा मुद्दाम वेळ लावतात असं माझं मत होत चाललंय. लगेच सांगितलं तर किंमत कमी होईल, असं काहीतरी.

सोमवार, १० मार्च

नंबर एकसष्ट. वजनाचा रकाना रिकामा ठेवला तर जुनी लायब्ररी सांगते, 'तारीख चुकीची आहे'. तारीख अगदी बरोबर असताना! हा उघड उघड बग आहे, कोडमधली चूक. बाबांना विचारलं नाही. या वयात कशाला त्यांचा पाणउतारा करा. एरवी सोडलं नसतं, पण त्या शून्यवाल्या उत्तरानंतर जरा आदर वाढलाय. बाजूला ठेवला.

रविवार, १६ मार्च

आईबाबांकडे जाऊन आले. जेवणं झाल्यावर टेबलावर यादी पसरली आणि बाबांना म्हटलं, चला, एकदाच काय ते संपवू. बाबा उठले आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळी घातलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

आई ताटं उचलत होती. उचलता उचलता थांबली. "हे एकशे चौदा आणि एकशे सव्वीस एकच आहे गं."

"आई, त्यावर आमटी सांडशील."

"दोन्हीकडे दशांशाच्या जागी स्वल्पविरामच आलाय ना?"

"राहू दे गं तू," मी म्हटलं आणि कागद ओढून घेतले. ती ताटं घेऊन आत गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

घरी परत आल्यावर पाहिलं. खरंच दोन्ही एकच होते. योगायोग. आईला जुळणाऱ्या गोष्टी पटकन दिसतात. मोजे, बटणं वगैरे.

गुरुवार, २० मार्च

बाबा फोन उचलत नाहीत. आई उचलते आणि म्हणते, "ते बाहेर गेलेत, मला सांग, मी निरोप देते." निरोप म्हणून मी फरक क्रमांक नव्वद सांगितला. एवढा किचकट, की मलाच दोनदा वाचावा लागला. आईने तो एकदा ऐकून पुन्हा म्हणून दाखवला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. संध्याकाळी उत्तर आलं. तेही आईनेच सांगितलं, "तुझ्या बाबांचा निरोप" म्हणून.

शुक्रवार, २१ मार्च

शंकासुराला तळमजल्यावरच्या कोठीत एक खोका सापडला. जुन्या लायब्ररीचे छापील कागद, एकाला एक जोडलेले, कडेला भोकं असलेले. "बाबांना दाखव, खूश होतील," म्हणून त्याने माझ्या टेबलाशेजारी आणून टाकला.

डोसचा हिशोब आहे त्या पानांवर बाबांचं टोकदार अक्षर. आणि एररची सगळी पानं, एकूण एक, दुसऱ्याच अक्षरात. गोल, उजवीकडे कललेलं, 'ळ'ची गाठ सुटलेली. शाळेत असताना माझ्या प्रत्येक वहीवर माझं नाव याच अक्षरात असायचं.

समासात पेन्सिलीने लिहिलंय: 'हे वाचून नर्स घाबरेल. शब्द बदलणे.' दुसरीकडे: 'इथे हिशोब पुढे जाऊ द्यायचा नाही. कोणी कितीही घाईत असो.' आणि शेवटच्या पानावर तारीख. माझ्या जन्माच्या अकरा दिवस आधीची.

खोक्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. राहू दे गं तू, म्हणाले होते मी तिला.

शनिवार, २२ मार्च

सकाळीच गेले. आई शेंगा सोलत होती, बाबा पेपर वाचत होते. मी कागद आईपुढे ठेवला. "हे अक्षर कुणाचं?"

तिने हात पुसून चष्मा लावला. "माझं. तेव्हा बरं होतं, आता बिघडलं."

"आई!"

"काय आई? मी तिथे चार वर्षं नोकरीला होते हे तुला माहीत आहे."

"ऑफिसात होतीस एवढं माहीत आहे. मला वाटायचं, टायपिंग करायचीस."

"टायपिंगच करायचे. काय टाइप करायचे ते कुणी विचारलं नाही."

बाबांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. "डोसचा भाग मी लिहिला," ते म्हणाले. "तो माझाच आहे. एरर हिच्या. सगळ्या."

"मग नाव एकट्याचं कसं?"

"नोकरी सोडलेल्या माणसाचं नाव ठेवत नाहीत, असं तेव्हाचे साहेब म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही."

आईने सोललेले दाणे दुसऱ्या भांड्यात ओतले. आवाज एवढा मोठा झाला की आम्ही तिघंही दचकलो. मग तीच म्हणाली, "झालं ना आता? काढ तुझी यादी. यांना मधे घालून निरोप द्यायचा मला कंटाळा आलाय."

दोन तासांत बेचाळीस फरक उडवले. आई बोलतेय आणि मी लिहून घेतेय. तिला प्रत्येक एरर आठवते, कुठल्या नर्सला विचारून लिहिली तेही. मी मधेच हसत म्हटलं, "एक मात्र गंमत आहे हं. एकसष्ट. वजन रिकामं असलं की तारीख चुकीची म्हणते."

आईचा चेहरा उतरला. "अशी येते?"

"हो."

"अजून?"

तिने शेवटचं पान मागून घेतलं. बोट एका ओळीवर ठेवलं. "वरची तारखेची ओळ उतरवून घेतली आणि खाली एररचा नंबर बदलायचा राहिला. शेवटचा दिवस होता. पाय इतके सुजले होते की चपला होत नव्हत्या." मग ते पान पालथं ठेवलं. "चौतीस वर्षं. आणि कुणी बोललंसुद्धा नाही मला."

कोण बोलणार होतं? नाव बाबांचं होतं.

मंगळवार, २५ मार्च

आईचे तीन फोन. सकाळी: "दुरुस्त केलीस का?" दुपारी: "एकाच ओळीचं तर काम आहे." संध्याकाळी नुसतं: "बघ बाई."

मी सांगितलं, नियम असा आहे की जुनीसारखी हुबेहूब. चुकांसकट. ती म्हणाली, "म्हणजे माझं बाकीचं सगळं कुणाला दिसणार नाही आणि ही चूक तेवढी तू नव्याने लिहिणार, स्वतःच्या हाताने."

बुधवार, २६ मार्च

केली दुरुस्त. वजन रिकामं असेल तर 'वजन भरलेलं नाही'. जे आहे तेच सांगणारी सरळ एरर. यात चूक काय?

शंकासुराच्या यादीत एकसष्ट नंबरपुढे जुन्या लायब्ररीचं उत्तर लिहिलेलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर त्याचा प्रोग्राम लाल दिवा दाखवत बसला असता. म्हणून तिथेही बदललं. तो चहाला गेला होता. एक ओळ.

हे तिच्यासाठी केलंय. मी पोटात होते म्हणून जे राहिलं ते मी पूर्ण केलं, असंही म्हणता येईल. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मलाच हलकं वाटलं. तरी गॅस बंद केलाय का ते तीनदा पाहिलं. उगाच.

मंगळवार, १ एप्रिल

हॉस्पिटलात चाचणी सुरू. मुलांच्या आणि मोठ्यांच्या वॉर्डांमधल्या टेबलावर दोन स्क्रीन शेजारी शेजारी, डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. औषध फक्त डावीकडच्या आकड्याने द्यायचं अशी सक्त ताकीद. फरक शून्य. घड्याळसाहेब आज चक्क माझ्याकडे बघून हसले.

गुरुवार, ३ एप्रिल

साडेअकराला फोन आला. हॉस्पिटलच्या औषधखिडकीवरच्या बाईंचा. आवाज अगदी शांत. "तुम्ही जरा इकडे या."

टॅक्सीत पायाचा ठेका थांबेना. चालकाने आरशातून दोनदा पाहिलं.

झालं ते असं. अकरा महिन्यांचं बाळ आलं. घाईत वजनाचा रकाना रिकामा राहिला. डावीकडे जुनी म्हणाली, 'तारीख चुकीची आहे'. उजवीकडे नवीने माझी सरळ, खरी, शहाणी एरर फेकली. पण हॉस्पिटलच्या प्रोग्रामने ती एरर जन्मात कधी पाहिली नव्हती. ओळखीच्या एररना काय करायचं ते त्याला शिकवलंय. अनोळखी आली की तो ती गिळून गप्प बसतो. त्यामुळे उजवीकडे काहीच आलं नाही. आधीच्या रुग्णाचा डोस तसाच राहिला. त्या रुग्णाचं वजन बासष्ट किलो. वर नाव मात्र बाळाचं.

टेबलावर नवी नर्स होती. एका स्क्रीनवर एरर, दुसऱ्यावर आकडा. तिला वाटलं, नवं मशीन जास्त हुशार. आकडा चिठ्ठीवर उतरवून तिने खिडकीत दिला.

"मी चिठ्ठी परत पाठवली," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "विचारलं, हे बाळ आहे की पैलवान?" हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

बाळाला काही दिलं गेलं नाही. काही दिलं गेलं नाही. काही दिलं गेलं नाही.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी मला डावीकडची स्क्रीन दाखवली. तिच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला, कोपरे पिवळे पडलेला कागद: 'तारीख चुकीची आली तर वजन टाका.' "आमच्याकडे नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच शिकवतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या नव्या स्क्रीनवर काय येईल, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

ती नर्स कोपऱ्यात उभी होती. रडून रडून नाक लाल. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "सॉरी, मॅडम." मला. ती मला सॉरी म्हणाली.

शुक्रवार, ४ एप्रिल

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, एका दमात. एकसष्ट मी बदलला, यादीही मीच बदलली, त्या नर्सची काही चूक नाही.

घड्याळसाहेबांनी आज एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. "का?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, ती चूकच होती. ते म्हणाले, "चूक होती की नाही हे तुला कुणी विचारलं होतं?" चाचणी बंद. माझं कोडमध्ये काही बदलण्याचं परवानगीपत्र पुढच्या निर्णयापर्यंत काढून घेतलं.

ते सोसलं. शंकासुराचं सोसवलं नाही. तो बैठकीनंतर माझ्या टेबलाशी आला. "सगळे माझ्या यादीला वैतागतात. तू कधी वैतागली नाहीस. म्हणून तुझं काम मी दुसऱ्यांदा कधी तपासायचो नाही." आणि गेला. दुपारी चहाला हाक मारली नाही.

रविवार, ६ एप्रिल

आईला सांगायचं नव्हतं. सांगितलं. बाबा शेजारीच होते.

वाटलं होतं, ती जवळ घेईल. ती संतापली. एवढी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "हॉस्पिटलचा प्रोग्राम ती एरर घेऊन काय करतो ते न बघता बदललीस? मी एकेका ओळीसाठी वॉर्डात जाऊन उभी राहायचे! विचारायचे, बाई, हे आलं तर तुम्ही काय कराल?"

"तूच मागे लागली होतीस!"

"मी मागे लागले होते," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "मी वेड्यासारखी मागे लागले होते. मी घरी बसलेली बाई. तू तिथे आहेस. तू मला नाही म्हणायचं होतंस."

मी विचारून टाकलं. तोंडातून निघूनच गेलं. "माझ्यामुळे सोडावी लागली ना तुला नोकरी?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फारच बावळट काहीतरी विचारलंय. "तुझ्यामुळे सहा महिने सोडली होती. पुढची चौतीस वर्षं कशामुळे, ते या घरात प्रत्येकाला वेगळं विचार." बाबांनी मान खाली घातली.

निघताना ती म्हणाली, "मंगळवारी तुझ्या साहेबांची वेळ घे. मी येते."

मंगळवार, ८ एप्रिल

आई आली. इस्त्रीची साडी, पर्समध्ये ते शेवटचं पान. बरोबर बाबा, न बोलावता. बैठकीत घड्याळसाहेब, शंकासुर, मोठ्या सिस्टर आणि औषधखिडकीवरच्या बाई.

घड्याळसाहेब बाबांना बघून उठून उभे राहिले. "या या सर, तुम्हीच आलात हे बरं झालं. तुमचंच काम—"

"माझं नाही," बाबा म्हणाले. ते अजून दारातच होते. "एररचा सगळा भाग हिने लिहिलाय. नाव माझं राहिलं. चुकून नाही राहिलं. मी राहू दिलं." मग इकडेतिकडे बघून, "मी बाहेर बसतो." आणि खरंच बाहेर जाऊन बसले. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मला वाटलं, ती रडेल. तिने पर्स उघडून चष्मा काढला.

सगळ्यात आधी तिने मोठ्या सिस्टरना विचारलं, "ही चुकीची एरर तुम्हाला दिवसातून किती वेळा येते?"

"दोनतीनदा तरी."

आईचे ओठ हलले. ती मनात गुणाकार करत होती. उत्तर मोठं आलं असणार, कारण ती एकदम थकल्यासारखी दिसली. सिस्टरच्याही ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "बाई, ती कारण चुकीचं सांगायची, पण थांबवायची. एकदाही पुढे जाऊ दिलं नाही तिने. म्हणून तर आम्हाला वजन करायला सुचायचं."

आई कामाला लागली. तिने सांगितलेलं असं: नव्या लायब्ररीत सध्या ती चूक जशीच्या तशी ठेवा. आधी हॉस्पिटलचा प्रोग्राम सुधारा. नवा रुग्ण आला की जुना आकडा पुसला गेलाच पाहिजे, आणि कुठलीही अनोळखी एरर आली तर गिळायची नाही, थांबायचं. मग त्याला खरी एरर ओळखायला शिकवा. मग नर्सना सांगा. आणि सगळ्यात शेवटी ती ओळ बदला. "उलट्या क्रमाने केलंत तर काय होतं ते पाहिलंतच," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

शंकासुराने तिला अठरा शंका विचारल्या. मी मोजल्या. एकोणिसावी विचारण्याआधी आईने त्याला विचारलं, "आणि जन्मतारखेत एकोणतीस फेब्रुवारी टाकून पाहिलीत का?" त्याचा चेहरा असा उजळला, जणू परदेशात गाववाला भेटला.

सोमवार, २१ एप्रिल

परवानगीपत्र परत मिळालं. माझा प्रत्येक बदल आता शंकासुर तपासणार, आणि एररचा असेल तर आईही. तिला तीन महिन्यांसाठी सल्लागार म्हणून घेतलंय. सुरक्षारक्षकाने ओळखपत्रावर 'पालक' असं लिहिलं होतं. तिने उभ्या उभ्या बदलून घेतलं.

शंकासुर मला अजून चहाला हाक मारत नाही. आईला मारतो. मी आपणहून दोघांच्या मागे जाते.

मंगळवार, ६ मे

हॉस्पिटलच्या प्रोग्रामचा बदल झाला. आकडा पुसला जातो. सहाशे वेळा करून पाहिलं. हॉस्पिटलातली चाचणी पुन्हा सुरू.

आई आणि मी कोडच्या पहिल्या ओळीवरून भांडलो. मी तिचं नाव आधी टाकलं होतं. तिने बाबांचं आधी केलं. "डोस नसता तर एरर कुणाला द्यायची?" म्हणाली. मी पुन्हा बदललं नाही. परवानगी लागली असती.

बाबा हल्ली दुपारचं जेवण करतात. आई म्हणते, मीठ विसरतात. ते म्हणतात, आठवण करून देणारं कुणी घरी नसतं.

सोमवार, १९ मे

आज ती ओळ बदलली. सकाळी नऊला, तिघांच्या सह्यांनी. नर्सना आठवडाभर सांगून झालं होतं. तरीही सकाळपासून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. बसून म्हणजे, उठबस करत होते. मोठ्या सिस्टर जाता-येता म्हणायच्या, "अहो, स्क्रीन काय पळून जाणार आहे का?" दहा वाजले. अकरा वाजले. आज नेमकं कुणी वजन विसरतच नव्हतं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक बाळ आलं, कडेवर भोकाड पसरलेलं. टेबलावर तीच नवी नर्स. मी दारातून पाहत होते. तिने माहिती भरली, बटण दाबलं. उजवीकडच्या स्क्रीनवर आकड्याची जागा कोरी झाली आणि वर आलं, 'वजन भरलेलं नाही. आधी वजन करा.' तिने मागे वळून मोठ्या सिस्टरकडे पाहिलं, मग बाळाला उचललं आणि काट्यावर ठेवलं.

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. ती ऑफिसात होती. "आई, आली. जशी यायला हवी तशीच आली."

तिच्या मागे शंकासुर कुणाला तरी काहीतरी विचारत होता.

"मग केलं का वजन?" आई म्हणाली.

"हो, लगेच."

"किती भरलं?"

मला माहीतच नव्हतं. फोन तसाच हातात धरून मी परत वॉर्डात गेले आणि नर्सला विचारून आले.

"आठ किलो सातशे."

"चांगलं आहे गं," आई म्हणाली.